घटक ६ : विवाह कोण घडवतो? ख्रिस्ती विवाहकल्पनेची स्थित्यंतरे

६.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर तुम्हाला –
• ख्रिस्ती विवाहकल्पनेतील प्रमुख टप्पे कालक्रमाने सांगता येतील.
• संमती, साक्ष, संस्कार आणि कायदा या चार संकल्पनांचा परस्परसंबंध स्पष्ट करता येईल.
• कॅथलिक, ऑर्थोडॉक्स व प्रॉटेस्टंट दृष्टिकोनांतील भेद विशद करता येतील.
• एकोणिसाव्या शतकातील मराठी ख्रिस्ती साहित्यामागील वैवाहिक व कायदेशीर पार्श्वभूमी समजून घेता येईल.

६.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ तुम्ही वाचले असेल किंवा अभ्यासक्रमात पुढे वाचाल. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली, तेव्हा लक्ष्मीबाई हिंदूच राहिल्या. अशा वेळी एक मूलभूत प्रश्न उभा राहतो. वैदिक पद्धतीने झालेला त्यांचा विवाह पतीच्या धर्मांतरानंतर टिकला की संपला? आणि हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा? पतीचा, पत्नीचा, दोन्हीकडच्या नातलगांचा, चर्चचा की सरकारी न्यायालयाचा?

हा प्रश्न टिळक दांपत्यापुरता मर्यादित नाही. ख्रिस्ती विवाहाच्या दोन हजार वर्षांच्या इतिहासात तो पुनःपुन्हा विचारला गेला आणि प्रत्येक युगाने त्याचे वेगळे उत्तर दिले. ‘ख्रिस्ती विवाह’ म्हणताच चर्चमधील वेदी, धर्मगुरू, शपथा आणि नोंदवहीतील सह्या आपल्या डोळ्यांसमोर येतात. हे सर्व घटक आरंभापासून होते असा आपला समज असतो. तो बरोबर नाही. यांतील प्रत्येक घटक केव्हातरी, काही कारणाने आणि बहुधा वादानंतरच विवाहात दाखल झाला.

या घटकात आपण एकच सूत्र हाती धरणार आहोत : विवाह घडवतो कोण? या अधिकाराचे चार दावेदार आहेत. कुटुंब, वधूवर, धर्मसंस्था आणि राज्यसंस्था. त्यांच्यातील ओढाताण समजली की हा इतिहास ध्यानात ठेवणे सोपे जाते.

६.३ आरंभीची शतके : विवाह घरचा, अर्थ धर्माचा

पहिल्या तीन शतकांत ख्रिस्ती लोकांचा स्वतंत्र विवाहविधी प्रचलित असल्याचे दिसत नाही. रोमन साम्राज्यात राहणारे ख्रिस्ती स्त्रीपुरुष शेजाऱ्यापाजाऱ्यांप्रमाणेच, स्थानिक रूढी व रोमन कायदा यांना अनुसरून विवाह करीत. रोमन कायद्यात विवाहाचा पाया उभयतांची संमती हा मानला जाई. मात्र कुटुंबप्रमुखाच्या अनुमतीलाही मोठे महत्त्व होते. दुसऱ्या शतकाच्या आरंभी अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस याने विवाह बिशपच्या माहितीने व्हावा अशी अपेक्षा आपल्या पत्रात व्यक्त केली आहे. ती अपेक्षा होती, विवाहाच्या वैधतेची अट नव्हती.

ख्रिस्ती धर्माने आरंभी विधीपेक्षा विवाहाच्या अर्थात बदल केला. तो तीन प्रकारे झाला.

पहिला बदल घटस्फोटाविषयीचा. यहुदी परंपरेत पतीला पत्नीला सोडपत्र देता येई आणि रोमन समाजातही विवाहविच्छेद सुलभ होता. येशूने मात्र विवाहबंधन मानवाने तोडू नये अशी भूमिका घेतली. मार्कच्या शुभवर्तमानात ही भूमिका निरपवाद आहे, तर मत्तयच्या शुभवर्तमानात अनैतिक संबंधाचा अपवाद नोंदलेला आहे. पुढील काळात कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि प्रॉटेस्टंट यांच्यात घटस्फोटावरून जे मतभेद झाले, त्यांचे एक मूळ या दोन पाठांतील फरकात आहे.

दुसरा बदल पतिपत्नींच्या परस्परहक्काचा. संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पत्नीच्या शरीरावर पतीचा जसा अधिकार, तसाच पतीच्या शरीरावर पत्नीचाही अधिकार मानला आहे. याच पौलाच्या नावाने प्रचलित असलेल्या इफिसकरांस पत्रात पत्नीने पतीच्या अधीन राहावे असा उपदेश आढळतो. समता आणि अधीनता असे दोन्ही सूर मूळ ग्रंथातच असल्यामुळे नंतरच्या प्रत्येक पिढीला आपल्याला हवा तो आधार सापडत गेला.

तिसरा मुद्दा भिन्नधर्मीय जोडप्यांचा. दोघांपैकी एकानेच ख्रिस्ती धर्म स्वीकारला तर काय करावे, याचा विचार पौलाने त्याच सातव्या अध्यायात केला आहे. ख्रिस्ती न झालेला जोडीदार सोबत राहण्यास राजी असेल तर विवाह मोडू नये; तो स्वतःहून विभक्त झाला तर ख्रिस्ती जोडीदार बांधील नाही, असा त्याचा आशय आहे. हा मुद्दा लक्षात ठेवा. अठराशे वर्षांनंतर तो महाराष्ट्रात पुन्हा आपल्यासमोर येणार आहे.

६.४ ब्रह्मचर्याची छाया आणि ऑगस्टीनची मांडणी

चौथ्या शतकात मठवास आणि ब्रह्मचर्य यांना विलक्षण प्रतिष्ठा लाभली. विवाहित जीवन हे ब्रह्मचर्याइतकेच पुण्यप्रद आहे असे प्रतिपादन करणाऱ्या जोव्हिनियनवर जेरोमने ३९३ साली प्रखर टीका केली. विवाह निषिद्ध नसला, तरी तो दुय्यम ठरू लागला.

या वातावरणात ऑगस्टीनने इसवी सन ४०१ च्या सुमारास विवाहाच्या हितकारकतेवर ग्रंथ लिहिला. विवाहाची तीन श्रेये त्याने सांगितली : संतती, परस्परनिष्ठा आणि अतूट बंधनाचे पावित्र्य. विवाह मुळात चांगला आहे, पण ब्रह्मचर्य त्याहून चांगले आहे, असा हा मध्यममार्ग होता. पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारावर या त्रिसूत्रीचा प्रभाव जवळजवळ पंधराशे वर्षे राहिला. या यादीत संततीला पहिले स्थान आहे आणि पतिपत्नींच्या प्रेमाला स्वतंत्र स्थान नाही, हे तुमच्या ध्यानात आले असेल.

पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स परंपरा वेगळ्या मार्गाने गेली. तेथे वधूवरांच्या मस्तकी मुकुट ठेवून धर्मगुरूने दिलेला आशीर्वाद हा विवाहाचा गाभा बनला. नवव्या शतकाच्या अखेरीस बायझंटाइन सम्राट सहावा लिओ याने चर्चचा आशीर्वाद विवाहाच्या वैधतेसाठी आवश्यक ठरवला. अतूटपणाचा आदर्श मानूनही मानवी दुर्बलतेला सवलत म्हणून ऑर्थोडॉक्स चर्चने घटस्फोट व पुनर्विवाह यांना मर्यादित मुभा दिली. चौथा विवाह मात्र वर्ज्य मानला.

स्वतःची प्रगती तपासा – १
१. पहिल्या तीन शतकांत ख्रिस्ती विवाह कोणत्या पद्धतीने होत असत?
२. ऑगस्टीनने सांगितलेली विवाहाची तीन श्रेये कोणती?

६.५ मध्ययुग : दोन शब्दांचे सामर्थ्य

पश्चिम युरोपात बाराव्या शतकात निर्णायक वळण आले. विवाह नेमका कोणत्या क्षणी पूर्ण होतो, यावर धर्मशास्त्रज्ञांत वाद सुरू झाला. इसवी सन ११४० च्या सुमारास ग्रेशियनने आपल्या धर्मकायद्याच्या संग्रहात संमतीने विवाहास आरंभ होतो आणि शरीरसंबंधाने तो पूर्ण होतो, असे मत मांडले. पीटर लोंबार्डने केवळ वर्तमानकाळात उच्चारलेली संमती पुरेशी मानली. ‘मी तुझा स्वीकार करतो’ हे शब्द म्हणजे विवाह. ‘मी तुझा स्वीकार करीन’ हे शब्द म्हणजे फक्त वाङ्निश्चय. तिसरा अलेक्झांडर या पोपच्या कारकिर्दीत (११५९–११८१) या दोन्ही मतांचा समन्वय झाला. वर्तमानकाळातील संमतीने वैध विवाह होतो आणि शरीरसंबंधानंतर तो अविच्छेद्य होतो. भविष्यकाळातील वचनानंतर शरीरसंबंध घडल्यास तोही विवाहच मानला गेला.

या निर्णयाचा अर्थ नीट समजून घ्या. विवाहाला आता पित्याची अनुमती, हुंडा, धर्मगुरू किंवा साक्षीदार यांपैकी कशाचीही अनिवार्य गरज उरली नाही. मुलगी बारा वर्षांची व मुलगा चौदा वर्षांचा असला आणि दोघांनी स्वखुशीने शब्द दिले, की विवाह झाला. मग ते शब्द चर्चच्या दारात उच्चारलेले असोत, शेतात असोत वा एखाद्या गुत्त्यात. सरंजामी समाजात विवाह हा जमीन, वारसा आणि घराण्यांचे संबंध यांचा व्यवहार होता. अशा समाजात धर्मसंस्थेने विवाहाचा अधिकार तत्त्वतः वधूवरांच्या हाती दिला. सक्तीने लावलेला विवाह अवैध ठरू लागला आणि अनिच्छुक मुलीलाही चर्चच्या न्यायालयात दाद मागण्याची वाट मिळाली.

या स्वातंत्र्याची दुसरी बाजूही होती. एकांतात दिलेला शब्द नंतर एकाने नाकारला तर? विवाह सिद्ध करण्यासाठी न्यायालयाला दोन साक्षीदार हवे असत. फसवल्या गेलेल्या स्त्रीजवळ ते नसत. परिणामी पहिली पत्नी हयात असताना पुरुष चर्चमध्ये जाहीरपणे दुसरीशी विवाह करू शके आणि न्यायालय त्या दुसऱ्या विवाहालाच मान्यता देई. कारण पुरावा फक्त त्याचाच असे. संमती स्वातंत्र्य देते, पण साक्षीविना ती संरक्षण देऊ शकत नाही. हा पेच म्हणजे या संपूर्ण इतिहासाची गुरुकिल्ली होय.

१२१५ सालच्या चौथ्या लॅटरन धर्मसभेने यावर उपाय शोधला. विवाहापूर्वी चर्चमध्ये जाहीर सूचना देणे बंधनकारक झाले आणि गुप्त विवाहांना मनाई करण्यात आली. तथापि मनाई मोडून केलेला विवाह शिक्षापात्र ठरला तरी अवैध ठरला नाही. याच धर्मसभेने विवाहास निषिद्ध असलेल्या नात्यांची मर्यादा सात पिढ्यांवरून चार पिढ्यांवर आणली. दरम्यान सात पवित्र संस्कारांत विवाहाची गणना स्थिर झाली. येथे एक वैशिष्ट्य नोंदवले पाहिजे : पाश्चात्त्य सिद्धान्तानुसार हा संस्कार धर्मगुरू देत नाही, वधूवर एकमेकांना देतात. ११३९ च्या दुसऱ्या लॅटरन धर्मसभेने धर्मगुरूंचे विवाह अवैध ठरवल्यामुळे विवाह हा पाश्चात्त्य ख्रिस्ती समाजात केवळ प्रापंचिकांचा संस्कार बनला होता.

६.६ सोळावे शतक : एका पेचाची दोन उत्तरे

मार्टिन ल्यूथरने १५२० साली विवाह हा संस्कार असल्याचे नाकारले. विवाह ईश्वरनिर्मित आणि पवित्र आहे, परंतु तो ख्रिस्ती धर्मापूर्वीही होता आणि इतर धर्मीयांतही आहे. म्हणून तो ऐहिक व्यवहाराचा भाग होय, अशी त्याची भूमिका होती. १५२५ साली या माजी संन्याशाने काटारीना फॉन बोरा या माजी संन्यासिनीशी विवाह केला. ब्रह्मचर्य हेच श्रेष्ठ, या हजार वर्षांच्या धारणेला हा प्रत्यक्ष कृतीतून दिलेला आव्हानाचा आवाज होता. धर्मोपदेशकाचे संसारी घर हा प्रॉटेस्टंट समाजाचा नवा आदर्श बनला.

विवाह ऐहिक ठरल्यावर त्याचा न्यायनिवाडा नागरी सत्तेकडे जाणे स्वाभाविक होते. झुरिक येथे १५२५ साली स्वतंत्र विवाह-न्यायालय स्थापन झाले. व्यभिचार, परित्याग अशा कारणांसाठी घटस्फोट आणि त्यानंतर निर्दोष जोडीदाराचा पुनर्विवाह शक्य झाला. त्याचबरोबर अल्पवयीनांच्या विवाहाला आईवडिलांची अनुमती पुन्हा आवश्यक ठरली. म्हणजे सुधारणेने एका हाताने घटस्फोटाचे दार उघडले आणि दुसऱ्या हाताने कुटुंबाचा अधिकार परत आणला.

कॅथलिक उत्तर ट्रेंटच्या धर्मसभेने दिले. ११ नोव्हेंबर १५६३ रोजी संमत झालेल्या हुकूमनाम्यानुसार धर्मग्रामाचा धर्मगुरू आणि दोन किंवा तीन साक्षीदार यांच्यासमोर न झालेला विवाह शून्यवत ठरला. विवाहांची नोंदवही ठेवणेही बंधनकारक झाले. आईवडिलांच्या अनुमतीविना झालेले विवाह रद्द ठरवावेत असा फ्रेंच राजसत्तेचा आग्रह होता. फ्रान्समध्ये १५५६ च्या राजाज्ञेने अशा मुलांना वारसाहक्कातून वगळण्याची मुभा आधीच दिली होती. धर्मसभेने हा आग्रह मान्य केला नाही. संमतीचे तत्त्व तसेच ठेवून तिला साक्षीची जोड दिली, हे ट्रेंटचे सार होय. आज आपण ज्याला ‘चर्चमधील लग्न’ म्हणतो, त्याचे अनिवार्य रूप येथून सुरू होते.

६.७ राज्यसंस्थेचे आगमन

साक्ष आणि नोंद यांचे महत्त्व एकदा मान्य झाल्यावर ती कोणी ठेवावी हा प्रश्न उरला. पुढील तीन शतकांत या कामात राज्यसंस्था पुढे सरसावली.

इंग्लंडमध्ये १७५३ च्या कायद्याने गुप्त विवाह अवैध ठरवले. क्वेकर व ज्यू वगळता सर्वांना, अगदी कॅथलिकांनाही, अँग्लिकन चर्चमध्येच विवाह करावा लागे. घरच्यांचा विरोध असलेली जोडपी सीमा ओलांडून स्कॉटलंडमधील ग्रेटना ग्रीन या गावी जात; कारण स्कॉटिश कायद्यात परस्परसंमतीचा जुना नियम शिल्लक होता. तो तेथे विसाव्या शतकापर्यंत टिकला. इंग्लंडमध्ये १८३६ च्या कायद्याने नागरी विवाहाची सोय झाली आणि १८५७ मध्ये घटस्फोट धार्मिक न्यायालयांकडून दिवाणी न्यायालयाकडे आला. फ्रान्सने क्रांतिकाळात, १७९२ साली, नागरी विवाह व घटस्फोट दोन्ही एकदमच आणले.

६.८ विसावे शतक : प्रयोजनाचा फेरविचार

विसाव्या शतकात प्रश्नाचा रोख बदलला. विवाह कोण घडवतो याबरोबरच विवाह कशासाठी, हा प्रश्न पुढे आला. अँग्लिकन बिशपांच्या १९३० सालच्या लँबेथ परिषदेने विशिष्ट परिस्थितीत संततिनियमनास मान्यता दिली. त्याच वर्षाच्या अखेरीस अकराव्या पायसने परिपत्रक काढून कृत्रिम साधनांचा निषेध केला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली विवाहाचे वर्णन जीवन व प्रेम यांची सहभागिता असे केले आणि १९८३ च्या कॅथलिक धर्मसंहितेत पतिपत्नींचे कल्याण हे प्रयोजन संततीच्या बरोबरीने आले. ऑगस्टीनच्या यादीत ज्याला स्वतंत्र जागा नव्हती, ते परस्परप्रेम आता व्याख्येत आले. कृत्रिम संततिनियमनावरील कॅथलिक निषेध मात्र १९६८ च्या परिपत्रकाने कायम ठेवला.

अलीकडे समलिंगी विवाहावरून चर्चांमध्ये तीव्र मतभेद आहेत. स्वीडनच्या ल्यूथरन चर्चने २००९ साली असे विवाह स्वीकारले. व्हॅटिकनने डिसेंबर २०२३ मध्ये अशा जोडप्यांना अनौपचारिक आशीर्वाद देण्यास अनुमती दिली. परंतु विवाह हा स्त्री व पुरुष यांचाच, ही व्याख्या बदलली नाही.

स्वतःची प्रगती तपासा – २
१. ट्रेंटच्या धर्मसभेने विवाहासाठी कोणत्या अटी घातल्या?
२. ल्यूथरने विवाहाला ऐहिक व्यवहाराचा भाग का मानले?

६.९ गोवा, महाराष्ट्र आणि भारतीय कायदा

या सर्व प्रवाहांचा आपल्या प्रदेशाशी प्रत्यक्ष संबंध आला. १५६७ साली गोव्यात भरलेल्या पहिल्या प्रांतीय धर्मसभेने ट्रेंटचे निर्णय येथे रुजवण्याचे काम हाती घेतले. पुढे पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आल्यावर १९१० साली नागरी विवाह व घटस्फोटाचे कायदे झाले. गोव्यातील जोडप्यांना आजही विवाहाची दिवाणी नोंद करावी लागते, ती याच परंपरेतून.

ब्रिटिश अमलाखालील महाराष्ट्रात वेगळा प्रश्न होता : नवदीक्षितांचा. बाबा पदमनजींनी धर्मांतरानंतर १८५७ मध्ये ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध केले. विधवांची दुःखे हा त्याचा विषय असला, तरी एकमेकांशी विचारविनिमय करणाऱ्या यमुना व विनायक या दांपत्याच्या रूपाने सहचराचे नाते त्यात प्रकटते.

पौलाने मांडलेला भिन्नधर्मीय जोडप्याचा प्रश्न आता कायद्याच्या भाषेत आला. १८६६ च्या कायद्यानुसार, धर्मांतरामुळे जोडीदाराने सहा महिने सहवास नाकारला तर नवदीक्षिताला न्यायालयात जाता येई. न्यायाधीश जोडीदाराला समक्ष विचारी, एक वर्ष थांबे, पुन्हा विचारी आणि नकार कायम असेल तर विवाह संपुष्टात आणी. म्हणजे धर्मांतराने विवाह आपोआप तुटत नव्हता. प्रास्ताविकातील प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. टिळकांच्या दीक्षेनंतरही लक्ष्मीबाई कायद्याने त्यांच्या पत्नीच होत्या. काही काळ त्या नातलगांच्या आश्रयाने दूर राहिल्या, पुढे पतीकडे परतल्या, तेव्हाही आपले सोवळेओवळे सांभाळून राहिल्या आणि १९०० साली स्वतः दीक्षा घेतली. टिळकांचा विवाह टिकला तो एखाद्या निवाड्यामुळे नव्हे. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना लक्ष्मीबाईंचे परतणे हे केवळ पतिव्रतेचे आचरण म्हणून पाहू नका. नकाराची वाट मोकळी असताना दिलेली ती संमती होती.

भारतीय ख्रिश्चनांचे विवाह १८७२ च्या कायद्याने होतात. घटस्फोटाचा कायदा १८६९ चा. इंग्लंडच्या १८५७ च्या कायद्यावर बेतलेल्या या कायद्यात पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध करणे पुरेसे होते. पत्नीला मात्र व्यभिचारासोबत क्रूरता, परित्याग यांसारखे आणखी काही सिद्ध करावे लागे. केवळ मारहाण सोसणाऱ्या ख्रिस्ती स्त्रीला घटस्फोट मिळत नसे. इंग्लंडने ही विषमता १९२३ मध्ये दूर केली. भारतात विधी आयोगाने १९६० साली बदल सुचवूनही त्या पुढे चाळीस वर्षे गेली. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने या तरतुदीचा विषम भाग घटनाबाह्य ठरवला आणि २००१ च्या दुरुस्तीने उभयतांना समान कारणे व परस्परसंमतीने घटस्फोटाचा मार्ग मिळाला. चर्चच्या न्यायमंडळाने विवाह शून्यवत ठरवला तरी दिवाणी कायद्याने तो संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली स्पष्ट केले आहे. म्हणून आजही एखादी स्त्री चर्चच्या दृष्टीने अविवाहित आणि कायद्याच्या दृष्टीने विवाहित असू शकते, किंवा याच्या उलट. बाराव्या शतकातील पेच वेगळ्या रूपात आपल्या भोवती वावरतो आहे.

६.१० सारांश

ख्रिस्ती विवाहकल्पना एकरूप व अपरिवर्तनीय नव्हती. आरंभी विवाह घरचा व रूढीचा होता; धर्माने त्याला निष्ठेचा व अतूटपणाचा अर्थ दिला. बाराव्या शतकात तो वधूवरांच्या संमतीवर उभा राहिला. सोळाव्या शतकात प्रॉटेस्टंटांनी तो नागरी व्यवस्थेकडे सोपवला, तर कॅथलिक चर्चने त्याला साक्षीची चौकट दिली. पुढे राज्यसंस्थेने नोंद आपल्या हाती घेतली आणि विसाव्या शतकात परस्परप्रेम हे विवाहाचे प्रयोजन म्हणून मान्य झाले. या सर्व स्थित्यंतरांत संमतीचे तत्त्व टिकून राहिले. मात्र संमतीला अर्थ येण्यासाठी नकार देण्याची आणि बाहेर पडण्याची वाट दोघांनाही सारखीच खुली असावी लागते, हे मान्य होण्यास फार काळ लागला.

६.११ पारिभाषिक शब्द

वाङ्निश्चय : भविष्यात विवाह करण्याचे वचन.
गुप्त विवाह : साक्षीदार व जाहीर सूचना यांशिवाय केलेला विवाह.
धर्मग्राम : एका धर्मगुरूच्या देखरेखीखालील स्थानिक ख्रिस्ती वस्ती.
शून्यवत विवाह : आवश्यक अट अपूर्ण राहिल्याने मुळातच न झालेला मानला जाणारा विवाह. घटस्फोटात झालेला विवाह संपतो. येथे तो झालाच नव्हता असे मानले जाते.

६.१२ स्वाध्याय

१. ‘संमती स्वातंत्र्य देते, पण साक्षीविना ती संरक्षण देऊ शकत नाही.’ मध्ययुगीन युरोपच्या संदर्भात हे विधान स्पष्ट करा.
२. विवाहाविषयीच्या ल्यूथरच्या आणि ट्रेंटच्या भूमिकांची तुलना करा.
३. १८६६ च्या कायद्याची पार्श्वभूमी लक्षात घेऊन ‘स्मृतिचित्रे’तील लक्ष्मीबाईंच्या निर्णयांची चर्चा करा.
४. उपक्रम : आपल्या परिसरातील कोणत्याही दोन धर्मसमाजांच्या विवाहपद्धती पाहा. त्यांत संमती कोण देते, साक्ष कोण देते आणि नोंद कोण ठेवते, याचे टिपण तयार करा.